न बोलणाऱ्या लेकराची दाढ



या पानावर दर अंकात आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवरच लिहीत आलो. या अंकात को ८६०३२ च्या बेणेमळ्याविषयी लिहायचे ठरलेही होते. तो लेख आता पुढील अंकी देऊ. या वेळचा विषय वेगळा आहे आणि ऊस विकास अधिकाऱ्याने त्यात का पडावे, असे काही मंडळी म्हणतील. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

मागच्या हंगामाआधी ऊसनोंदीच्या फेरीत आम्ही व आमचे फिल्डमन एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. गावाचे आणि सभासदाचे नाव लिहीत नाही. जुनी द्राक्षबाग तोडून तीन एकर ऊस केलेला, माणूस कष्टाळू. ओट्यावर त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीला टेकून बसला होता. जन्मताना मेंदूला इजा झालेली. डॉक्टर त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. चालता येत नाही, बोलता येत नाही, अधूनमधून फिट येते. तो पोरगा स्वतःच्याच मुठीने स्वतःच्या गालावर मारून घेत होता आणि आजी त्याचा हात धरून ठेवीत होती.

"काय सांगू साहेब, महिना झाला, असंच चाललंय. जेवत नाही, रात्रीचा झोपत नाही. खूळ वाढलं त्याचं."

दृष्ट काढून झाली होती. देवाला जाऊन आले होते. झोपेचे औषध वाढवून झाले होते. आमच्या फिल्डमनची स्वतःची दाढ त्याच आठवड्यात काढलेली, गाल अजून सुजलेला. तो सहज म्हणाला, "आजी, याची दाढ तर दुखत नसंल?" मोबाईलच्या उजेडात, चमच्याच्या दांड्याने ओठ बाजूला करून पाहिले. खालच्या दोन दाढा मुळापर्यंत गेलेल्या आणि हिरडीवर पुवाचा फोड. महिनाभर घरात सगळे उपाय झाले, पण लेकराच्या तोंडात कोणी डोकावले नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. एका ठिकाणी सांगितले, "शांत झाला की घेऊन या." दुसऱ्या ठिकाणी सांगितले, "असली केस आम्ही घेत नाही." अखेर नाशकात भूल देऊन तीन दाढा काढल्या आणि दोन भरल्या. आठवड्याच्या आत पोरगा वरणभात खाऊ लागला, गालावर मारणे थांबले, आणि झोपेचे वाढवलेले औषध डॉक्टरांनीच कमी केले. घरातल्यांनी ज्याला खूळ म्हटले ती महिनाभराची दाढदुखी होती. आपली एक दाढ एक रात्र ठणकली तर आपण घर डोक्यावर घेतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्या लेकराला दुखणे सांगता येत नाही, त्याचे दात दुखायची वाट न पाहता बघितले पाहिजेत. ते काम एकट्या आईवर टाकून चालणार नाही. त्यात आपल्या कारखान्यानेही थोडा हात लावावा.

आम्ही शेतकीचे पदविकाधारक, दंतवैद्य नव्हे. पण कीड म्हणजे काय ते आम्हांस थोडेफार कळते. खोडकिडीचा पोंगा वाळलेला दिसतो तेव्हा अळी आत केव्हाच शिरलेली असते. पोंगा ओढला की हातात येतो, वास येतो, आणि मग सभासद म्हणतात, "काल तर हिरवा होता!" दाताचेही तसेच. फरक इतकाच की दातात अळी नसते. गावोगाव अजून दातातला किडा काढून दाखवणारे फिरतात, ती शुद्ध फसवणूक आहे. तोंडातले जंतू साखरेवर जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दात झिजवते. धडधाकट मूल पहिल्या कळेलाच आईकडे पळते. न बोलणारे मूल जेवण सोडते, एकाच बाजूने चावते, लाळ जास्त गाळते, हात चावते, डोके आपटते, रात्री दचकून उठते. आणि आपण म्हणतो, "त्याचं तसंच आहे." मुलाच्या वागण्यात अचानक फरक पडला तर बाकी सगळे करायच्या आधी तोंड उघडून बघा.

आता या लेकरांचेच दात जास्त का किडतात ते पाहू. आईबापाचा हलगर्जीपणा हे त्याचे कारण बहुधा नसते. उलट ज्या घरात असे मूल आहे त्या घरातली आई इतर चार आयांएवढे कष्ट करते. पण मुलास नीट चावता येत नाही, म्हणून ग्लुकोजचे बिस्कीट दुधात बुडवून भरवायचे. तो लगदा गालात धरून मूल तासभर बसते. फिटचे, खोकल्याचे, टॉनिकचे औषध सिरपमधून द्यायचे, आणि बरीच सिरपे साखरेची असतात. दिवसातून दोन-तीनदा, शेवटचा चमचा झोपताना. त्यानंतर रात्रभर तोंडात पाण्याचा थेंब नाही. मूल तोंडाने श्वास घेत असेल तर तोंड कोरडे पडते आणि जंतूंस धुऊन नेणारी लाळ कमी पडते. ब्रश तोंडात घातला की मूल कडकन चावते, म्हणून ब्रश बंद.

यात आणखी एक गोष्ट सभासदांनी ध्यानात ठेवावी. फिटवरचे फेनिटोइन नावाचे जुने औषध बऱ्याच मुलांना चालू असते. त्याने हिरड्या फुगून दातांवर चढतात. तोंड स्वच्छ असेल तर त्या कमी वाढतात, घाण राहिली तर जास्त. हे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे, ते औषध बदलायचे की नाही ते ठरवतील. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये. फिट उसळली तर जिवावर बेतते.

आता जरा अडचणीच्या विषयाकडे येतो. आमचा पगार साखरेतून निघतो आणि आपला प्रपंच उसावर चालतो. दिवाळीला सवलतीची सभासद साखर घरोघर जाते. मग कारखान्याच्याच अंकात साखरेने दात किडतात असे लिहावे काय? लिहावे. आपला माल आहे म्हणून त्याचे दोष झाकायचे नसतात. आणि या बाबतीत तर एक जुना हिशेब आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

स्वीडन देशात लुंड शहरी व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे तेथे ठेवली जात. १९४५ पासून त्या संस्थेत दातांविषयी प्रयोग सुरू झाले. पुढे काही जणांना मुद्दाम चिकट बनवलेली टॉफी जेवणाच्या मध्ये मध्ये दिवसातून कितीतरी वेळा खायला दिली, दात किडतात की नाही ते पाहण्यासाठी. त्यांस कोणी विचारले नव्हते, आणि त्यांना विरोध करताही येत नव्हता. प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्यांत तिकडच्या मिठाई-चॉकलेटच्या धंद्यातली मंडळीही होती. १९५४ साली निष्कर्ष छापून आले. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे महत्त्वाचे ठरले. जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडाने फार नुकसान केले नाही. मधल्या वेळच्या चिकट गोडाने दातांची वाट लावली. आजही जगभरचे दंतवैद्य आईबापांना सल्ला देतात तो याच माहितीवर. स्वीडनमध्ये पुढे मुलांना गोड फक्त शनिवारी द्यायची रीत पडली. म्हणजे साऱ्या जगाच्या मुलांचे दात ज्या ज्ञानाने वाचतात ते ज्ञान न बोलणाऱ्या माणसांचे दात घालवून मिळवलेले आहे. त्या ज्ञानाचा लाभ अशाच मुलांपर्यंत सर्वांत शेवटी पोचावा, ही गोष्ट आम्हांस बोचते.

तेव्हा साखर बंद करा असे आम्ही म्हणत नाही. शिरा, पुरणपोळी, गूळ-पोळी जे काय द्यायचे ते जेवणाबरोबर द्या. मधल्या वेळेला केळे, उपमा, मऊ भात, ताक द्या. बिस्कीट-दुधाचा लगदा कमी करा. सिरप घेताना दुकानदाराला व डॉक्टरांना विचारा की यात बिनसाखरेचे मिळते का, किंवा गोळीची पूड करून देता येईल का. नसेलच तर औषध दिल्यावर दोन घोट पाणी पाजा. पाणी गिळताना ठसका लागत असेल तर ओल्या स्वच्छ फडक्याने दात व हिरड्या पुसून घ्या. रात्रीच्या औषधानंतर हे कधीही चुकवू नका.

ब्रश कसा करावा हे आम्ही एका विशेष शाळेतल्या बाईंकडून शिकलो, ते जसेच्या तसे देतो. मुलाच्या समोर उभे राहून ब्रश करू नये. मूल मान मागे टाकते आणि झटापट होते. मोठे मूल असेल तर भिंतीला टेकून बसावे, मुलाचे डोके आपल्या मांडीवर किंवा छातीवर घ्यावे आणि मागून हात घालून घासावे. लहान मूल असेल तर आई आणि आजी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून, पाय तिच्या कमरेला, आणि डोके आजीच्या मांडीत. एकीने हात धरायचे, दुसरीने दात घासायचे. मूल चावत असेल तर बोट तोंडात घालू नये. जुन्या ब्रशच्या दांड्याला फडके गुंडाळून तो दाढांच्या मध्ये धरावा. ज्या मुलाला स्वतः ब्रश धरायची हौस आहे पण मूठ आवळत नाही, त्याच्या ब्रशला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवावी. पाच रुपयांची वस्तू, पण पोरगा स्वतः ब्रश करतो! पेस्ट फ्लोराईडची घ्यावी. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल तर फेस फडक्याने टिपावा. जाहिरातीत ब्रश भरून पेस्ट दाखवतात तशी घेण्याचे काही कारण नाही.

आणि मिसरी नको. घरातल्या बाया मिसरी लावतात आणि लेकरू दात घासू देत नाही म्हणून बोटावरची तीच त्याच्याही दातांवरून फिरवतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट किंवा डोकेदुखीची गोळी दाबून ठेवणे, हेही थांबले पाहिजे. गोळीने हिरडी भाजते आणि बोलता न येणारे लेकरू दोन्ही दुखणी सोसते.

"दुधाचे दात काय, पडणारच आहेत" असे म्हणणारे घरोघर आहेत. पण साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती कायमची असते आणि तिच्या जागी काही पडलेले नसते, म्हणून लोक तीही दुधाचीच समजतात. ती गेली की गेली. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांस दात उशिरा येतात, कधी कमीही येतात. त्यांच्यात किडीपेक्षा हिरड्यांचे दुखणे जास्त आढळते. हिरडीतून रक्त आले तर "उष्णता झाली" म्हणून सोडू नये.

दंतवैद्याकडे जाताना मुलाचे सगळे कागद बरोबर न्यावेत. हृदयाला छिद्र असलेल्या किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची दाढ काढताना जंतू रक्तात शिरून हृदयाला लागू शकतात. अशा काही मुलांना आधी अँटिबायोटिक द्यावे लागते. हिमोफिलिया असलेल्या मुलाची दाढ तयारीशिवाय काढली तर रक्त थांबत नाही. आठवडी बाजारात चिमटा घेऊन बसणाऱ्याकडे अशी मुले नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पहिल्या भेटीत काही करून घेण्याचा हट्ट धरू नये. मुलाला खुर्ची दाखवावी, आरसा हातात द्यावा, परत यावे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की पुष्कळ मुले बसतात. जी बसत नाहीत त्यांच्यासाठी भूल देऊन एकाच वेळी सगळे काम उरकता येते.

दंतवैद्यांविषयीही दोन शब्द. "असली केस घेत नाही" हे वाक्य आम्हांस खटकले, पण त्यामागची भीती खोटी नाही. खुर्चीत फिट आली, मुलाने मान झटकली, हातातले हत्यार लागले, तर बदनामी त्या डॉक्टरची होते. त्यांनी नाही म्हणावे, पण कुठे जायचे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, एवढी अपेक्षा वावगी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत, आणि उपचारात अशा व्यक्तींना प्राधान्य द्यावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

आणि नाशिक जिल्ह्याला सोयींची अगदीच वाण आहे असेही नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक दंतवैद्यांच्या पदव्या येथून निघतात. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. सिन्नर-निफाडच्या कडेच्या गावांना लोणीचे ग्रामीण दंत महाविद्यालय किंवा संगमनेरजवळचे घुलेवाडीचे दंत महाविद्यालयही फार लांब पडत नाही. ही लोणी म्हणजे ज्या प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला तीच. विशेष मुलांसाठी रजनीताई लिमये यांनी १९७७ साली नाशकात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, तेव्हा अशी मुले घरात दडवून ठेवण्याचा काळ होता. खेड्यात तो काळ अजून पुरता संपलेला नाही. पाहुणे आले की मूल आतल्या खोलीत.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शाळेत येते. तपासणीच्या यादीत दातही आहेत. पुढचे उपचार जिल्हा पातळीवरील केंद्रामार्फत होतात. पण जे मूल अंगणवाडीत जात नाही आणि शाळेतही जात नाही ते या पथकाला दिसणार कसे? नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांस त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधी तपासणीची अट नाही, आणि दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही त्यात समावेश आहे. आमच्या फेरीत ज्या घरांना आम्ही विचारले, त्यांतल्या एकालाही हे नाव ठाऊक नव्हते.

आपल्या तोडणीच्या टोळ्यांचीही अशी लेकरे असतात. आईबाप पहाटे फडात, आणि न चालणारे पोर कोपीत धाकट्या बहिणीच्या हवाली. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. दोन्हीकडच्या यादीतून नाव सुटते. आपल्या उसाला कोयता लावणाऱ्याचे लेकरू सभासदाचे नाही म्हणून बाजूला ठेवावे, असे आम्हांस वाटत नाही.

आमची मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळास विनंती आहे, आणि सभासदांनी ती वार्षिक सभेत मांडावी. आमचे फिल्डमन आणि स्लिपबॉय ऊसनोंदीसाठी प्रत्येक वस्तीवर जातातच. त्याच फेरीत घरात विशेष मूल आहे काय, एवढे आईबापांच्या संमतीने वेगळ्या वहीत लिहून घ्यावे. गळीत सुरू झाल्यावर टोळ्यांच्या कोप्यांवरही तेच करावे. दंत महाविद्यालयांत गावोगाव शिबिरे घेणारा विभाग असतो. त्यांना पत्र घालून वर्षातून दोन दिवस कारखान्यावर बोलवावे. ज्या मुलांना भूल देऊन उपचार लागतील त्यांच्यासाठी कारखान्याची गाडी आणि बरोबर एक जाणता माणूस द्यावा. आई एकटी मुलाला उचलणार, कागद सांभाळणार की रांगेत उभी राहणार?

यावर "उसाचे पेमेंट आधी बघा, दातांचे काय घेऊन बसलात?" असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पेमेंटच्या प्रश्नावर आम्हीही शेतात बोलणी खातो. पण येथे आम्ही मागतो आहोत ते वर्षातून काही फेऱ्यांचे डिझेल आणि एक वही. शेती खात्याचे काम यामुळे मागे पडेल अशी शंका असेल, तर तेवढा वेळ आम्ही आमच्या सुट्टीतून भरून देऊ.

वहीची वाट पाहण्याचेही कारण नाही. ज्यांच्या घरी किंवा शेजारी असे मूल आहे त्यांनी आपल्या गट ऑफिसात फिल्डमनकडे मुलाचे वय, कोणते औषध चालू आहे आणि मागच्या वर्षभरात दात कोणी पाहिले काय, एवढे सांगून ठेवावे. शेजाऱ्याने सांगितले असल्यास आधी आईबापांना विचारूनच नाव पुढे देऊ. नाव अंकात छापले जाणार नाही.

– ऊस विकास अधिकारी